‘भाषेचं सोडा, गटारीचं बोला’ म्हणणाऱ्यांना, वडगावातून

“अगं, आता कुठं सीमाप्रश्न घेऊन बसलीस? भाषेचं सोड, गटारीचं बोल.”

हे वाक्य मला गेल्या वर्षभरात चार जणांनी ऐकवलंय. चौघंही मराठी. चौघंही वडगाव-शहापूरकडचे, बऱ्यापैकी शिकलेले, बऱ्यापैकी कमावणारे. त्यातला एक तर तीन वर्षं शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा होऊन उभा होता. रात्रभर, न हलता. आता तो म्हणतो, ही भांडणं म्हाताऱ्यांची, आपल्याला विकास पाहिजे.

बरं. गटारीचंच बोलूया.

बेळगावबाहेरून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. वडगाव हे बेळगावचं दक्षिणेकडचं उपनगर. कागदावर अजून माधवपूर-वडगाव. शहापूर ओलांडून खाली आलात, नाझर कॅम्प मागे टाकलात, की गल्ल्या लागतात. बाजार गल्ली, विष्णू गल्ली, पाटील गल्ली. त्यांच्या पुढे येळ्ळूर रोड, यरमाळ रोड, धामणे रोड, आणि ह्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उगवलेली नगरं. जुन्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. पुढच्या खोलीत माणसं, मागच्या खोलीत माग. सकाळी सातला जी खटखट सुरू होते ती रात्री उशिरापर्यंत. आमच्याकडं पाहुणा आला की पहिली रात्र त्याला झोप लागत नाही. आम्हाला उलट माग थांबले की जाग येते, कारण माग थांबला म्हणजे एक तर वीज गेली नाहीतर कुणाचं तरी सूत संपलं आणि उधारी मिळेना.

गल्ल्या संपल्या की शिवार. होतं म्हणावं लागेल आता, पण अजून आहे थोडं. काळी जमीन, पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बेळगाव बासमती म्हणून जो तांदूळ लोक पाहुण्यांना बांधून देतात तो ह्याच पट्ट्यातला, शहापूर-वडगाव-अनगोळ-येळ्ळूरच्या शिवारातला. पावसाळ्यात मंगाईची यात्रा. त्या दिवशी वडगावातल्या एकाही घरात पाय ठेवायला जागा नसते. लग्न होऊन गोव्याला गेलेली आत्यासुद्धा येते, आणि सगळ्यांच्या चपला एकमेकांत मिसळतात.

आता पाणी. शिवारातून बळ्ळारी नाला जातो. जोरदार पाऊस झाला की तो फुगतो, पाणी भातात चढतं, चार-सहा दिवस उतरत नाही, रोप कुजतं, दुबार लावणी. हे दर वर्षीचं रडगाणं आहे. तरुण भारतचे जुने अंक काढून बघा, मथळा तोच आणि साल तेवढं बदललेलं. नाला गाळानं भरलाय, त्याच्या कडेनं बांधकामं झालीत आणि सखल भागात भर टाकून प्लॉट पडलेत. पूर्वी पाणी शिवारात पसरायचं, आता शिवारच अरुंद झालं म्हणून ते गल्लीत येतं. त्यात हलगा-मच्छे बायपास ह्याच सुपीक पट्ट्यातून काढला. शेतकरी कोर्टात गेले, बांधावर आडवे झाले, आणि पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकावर जेसीबी फिरला. बायका जेसीबीपुढं बसल्या होत्या, ते व्हिडिओ तुम्ही फॉरवर्ड केले होते. आठवतंय ना?

म्हणजे गटारीचं बोलायला आम्हाला कोणी शिकवायला नको. पण गटारीचं बोलायला गेलं की पहिल्या पायरीवर काय लागतं, ते आमच्या घरी झालं म्हणून मला कळलं.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. आई एकटीच घरी. एके दिवशी दुपारी कोणीतरी येऊन घराच्या पुढच्या खांबाला एक कागद चिकटवून गेलं. अख्खा कन्नडमध्ये. आई सातवी शिकलेली, मराठी शाळेत. तिला कन्नड बोलता येतं, बाजारात घासाघीस ती कन्नडमध्येच करते, शेजारच्या आक्काशी तासन्‌तास बोलते. पण वाचता येत नाही. तिला वाटलं घरपट्टीचा असेल. घरपट्टी तर भरलेली. म्हणून तिनं कागद काढून, नीट घडी घालून, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. आमच्याकडं सगळे महत्त्वाचे कागद तिथंच असतात.

तीन आठवड्यांनी शेजारच्या आक्काचा मुलगा गॅसची टाकी चढवायला घरात आला, त्यानं सहज वाचला आणि म्हणाला, “मावशी, ह्यात गटार रुंद करणार म्हणून लिवलंय. तुमची पुढची पाच फूट जागा जाणार. हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या म्हणतायत.”

पंधरा दिवस होऊन आठवडा झाला होता.

पुढच्या पाच फुटांत काय होतं? एक पत्र्याची शेड होती, तिच्यात दोन माग भाड्यानं चालायचे. त्या भाड्यावर आईचं औषधपाणी आणि किराणा निघायचा. मी संबंधित कार्यालयात गेले तेव्हा तिथला साहेब वाईट वागला नाही, उलट खुर्ची दिली. म्हणाला, “नोटीस दिली होती ना मॅडम? मुदतीत का आला नाहीत?” मी म्हटलं, वाचता आलं नाही. तो म्हणाला, “इतकी वर्षं इथं राहता, कन्नड शिकायला नको?” शेड गेली. गटार झाली. पुढं उताराच नीट न काढल्यामुळं पाणी अजून तिथंच तुंबतं, ती गोष्ट वेगळी.

आता सांगा, हा प्रश्न गटारीचा की भाषेचा?

‘इतकी वर्षं इथं राहता’ ह्या वाक्याचा मला जास्त राग आहे. आम्ही कुठून येऊन राहिलो नाही. माझ्या पणजोबांनी गाव बदललं नाही, घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही. शहापूर आधी सांगली संस्थानात होतं, बेळगाव मुंबई प्रांतात, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही अंथरुणातच म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला आमच्या शहराचं नाव बदललं. आम्ही आपले तिथंच. सीमा आली आमच्याकडं, आम्ही गेलो नाही सीमेकडं. त्यामुळं ‘इथं येऊन राहता’ हा सूर आमच्यापाशी लावू नका.

आणि कन्नड शिका म्हणाल, तर वडगावात येऊन बघा. विणकरांत कन्नड बोलणारी घरं भरपूर आहेत, मराठी बोलणारीही आहेत, आणि दोघांचं सूत एकाच व्यापाऱ्याकडून येतं. आक्का माझ्या आईला वैनी म्हणते आणि मराठीत बोलते, आई तिला कन्नडमध्ये उत्तर देते, मध्येच दोघी हिंदी मालिकेवर घसरतात. आमच्या मराठीत इतकं कन्नड मुरलंय की पुण्यात लोक आमच्याकडं बघून हसतात. (आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पुण्यात पहिल्या आठवड्यात ऑफिसमध्ये मी ‘मी जेवून आलो’ म्हटलं तर चार जण चहा सांडेपर्यंत हसले. कर्नाटकात मराठी म्हणून आणि महाराष्ट्रात कानडी म्हणून, असा दुहेरी टोल आपण भरतो.) आक्काचं आणि आमचं भाषेवरून कधी भांडण झालं नाही, होणारही नाही. ती नोटीस तिच्या मुलानं वाचली म्हणून तरी कळली. माझं भांडण त्या कागदाशी आहे.

बाजारात बोलण्यापुरती भाषा येणं वेगळं आणि ‘हरकत’, ‘मुदत’, ‘संपादन’, ‘भरपाई’ असले शब्द कायद्याच्या भाषेत वाचून त्यावर लेखी उत्तर देणं वेगळं. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे मराठीतही जमत नाही, वकील लागतो. मग साठीच्या बाईनं ते दुसऱ्या लिपीत पंधरा दिवसांत करावं ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

आणि हा एकच कागद नाही. नव्या नगरांत राहणाऱ्यांना विचारा. धामणे रोडला, यरमाळ रोडला, अर्धी घरं बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटवर उभी आहेत. शेत एनए झालेलं नाही, लेआउट मंजूर नाही, पण गवंड्याला, ड्रायव्हरला, मागवाल्याला परवडणारी तेवढीच जागा. आता ई-आस्तीत नोंद करा म्हणतात. ठीक आहे, करायलाच पाहिजे. पण अर्ज कन्नडमध्ये, उतारा कन्नडमध्ये, चूक दुरुस्तीची पद्धत कन्नडमध्ये. आडनावात एक अक्षर चुकलं तरी मालकाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते कर्ज काढताना किंवा वारस लावताना. मग एजंट. दोन हजार, पाच हजार, काम बघून. हा जो पैसा आपल्या उपनगरातून एजंटाच्या खिशात जातो, त्याला मी भाषेचा कर म्हणते. श्रीमंताला तो जाणवत नाही, त्याचा सीए आणि वकील आहे. तो भरतो रोजंदारीवाला. म्हणून ‘भाषेचं सोडा’ हे वाक्य मला नेहमी दुमजली घरातून ऐकू येतं, पत्र्याच्या घरातून नाही.

कायद्यात काय आहे तेही जरा बघा, कारण आपल्याला घोषणा पाठ आहेत आणि कलमं नाहीत. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतो. ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. ३५०-ब नं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली, म्हणजे ज्या वर्षी आपल्याला इकडं टाकलं त्याच वर्षी. राज्यं तोडणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं की सीमेवर माणसं अडकणार आहेत. ज्या भागात एखादा भाषिक समूह १५ टक्क्यांच्या पुढं आहे तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही द्यावेत, असं केंद्र आणि राज्यांमध्ये ठरलेलं आहे. वडगावात मराठी १५ टक्के आहेत का, हा प्रश्न कोणी विचारला तर मंगाईच्या यात्रेला बोलवा.

आता आपल्या लोकांकडं वळते. इथं काही जण रागावतील, रागावू देत.

आपण काय केलं? दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला, १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन केलं, १ जूनला हिंडलग्याला जाऊन १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या खाल्लेल्यांपुढं डोकं टेकवलं. ते करायलाच पाहिजे. त्यात अंगावर केसेस घेतलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत, तारखांना जाऊन जाऊन त्यांच्या नोकऱ्या गेल्यात. त्यांच्याविषयी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण वर्षाचे उरलेले ३६२ दिवस? वॉर्डातल्या एका नोटिशीवर, एका उताऱ्यावर, एका शाळेच्या पटावर आपली फौज कधी उतरली?

१९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण छातीवर हात ठेवून सांगतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कसा चुकीचा, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, त्याला वीस वर्षं उलटून गेली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री नेमायचं ठरलं. आमच्या खांबावर त्यानंतरही कागद कन्नडमध्येच लागतो. दावा चालू दे, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण निकाल लागेपर्यंत माणसं कुठल्यातरी गल्लीत राहतात, कर भरतात, मरतात, आणि त्यांचा मृत्यूचा दाखलाही त्यांच्या पोराला वाचता येत नाही.

मुंबईचे नेते येतात. म्हणजे हद्दीवर येतात, अडवले जातात, फोटो निघतो, परत जातात. त्यांच्यापैकी एकालाही वडगावातली नाल्याची जागा दाखवता येणार नाही. आणि त्यांना एक विचारावंसं वाटतं. जतला, अक्कलकोटला कन्नड माध्यमाच्या शाळा महाराष्ट्र चालवतो, हे चांगलंच आहे. तिथल्या कन्नड शेतकऱ्याला त्याच्या भाषेतून नोटीस देऊन दाखवा ना. मग इथं आम्हाला बोट दाखवायला जागा होईल. जे आम्ही इथं मागतो ते तिथं देणार नसाल तर आमची मागणी निम्मी लटकी पडते. गोव्यात राजभाषा कोकणी, तरी १९८७ च्या कायद्यात मराठीलाही सरकारी कामासाठी जागा आहे. तिथल्या मराठीवाल्यांना ती कमी वाटते, वाटू दे, पण आमच्यासाठी तेवढीसुद्धा स्वप्नासारखी आहे.

आणि मतं. २०२१ ला बेळगाव महापालिकेच्या ५८ जागांची निवडणूक झाली, राष्ट्रीय पक्ष स्वतःच्या चिन्हावर उतरले आणि मराठी गल्ल्यांनीही त्यांना भरभरून दिलं. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. त्याला फक्त पैसा कारण होता असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्या दोन-दोन, तीन-तीन गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले. पोरांनी विचारलं, निवडून येऊन काय करणार? तर उत्तर आलं, महाराष्ट्रात जाणार. अरे, तोपर्यंत? गटारीचं कोण बोलणार? ह्या रिकाम्या जागेतूनच ‘भाषेचं सोडा’वाले निपजले. त्यांचा प्रश्न खरा आहे, उत्तर खोटं आहे.

शाळेचं सांगून थांबते. आमच्या गल्लीतली पोरं पूर्वी चालत मराठी शाळेत जायची. आता सकाळी पिवळ्या व्हॅना येतात, इंग्रजी माध्यमाच्या. आई-बापांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही, मला मूल असतं तर मीही दहा वेळा विचार केला असता. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही, आई-बाप निवडतील. बरोबर. पण निवड करायला समोर धड शाळा तर पाहिजे. गळकं छप्पर आणि दोन वर्गांना एक बाई, ह्याला निवड म्हणत नाहीत. आणि व्हॅनमध्ये बसणाऱ्या पोरांना काय येतं? इंग्रजी अर्धं, कन्नड पेपरपुरतं, मराठी बोलण्यापुरतं. म्हणजे माझ्या आईला एक लिपी तरी नीट वाचता येत होती. उद्या खांबावर कागद लागला तर ह्या पोरांना तो तिन्ही भाषांत कळणार नाही.

दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून कायदा आहे. वडगावातल्या किराणावाल्यानं पाटी बदलली, पैसे गेले, गिऱ्हाईक तेच. पाटीवरून मारामाऱ्या करायला दोन्हीकडं माणसं तयार आहेत, कारण पाटी फोटोत येते. खांबावरची नोटीस फोटोत येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही गल्लीतल्या लोकांनी अर्ज केला. मराठीत. मागणी दोन ओळींची: ह्या वॉर्डातली प्रत्येक नोटीस कन्नडसोबत मराठीतही द्या, आणि हरकतीची मुदत मराठी नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजा. एक्केचाळीस सह्या. पहिली आईची. अकरा सह्या कन्नड लिपीत आहेत, त्यातली एक आक्काची. ती म्हणाली, “वैनीची शेड गेली तशी उद्या कुणाचीही जाईल की.” चित्ररथातला आमचा मावळा आधी नको म्हणाला, मग रात्री येऊन सही करून गेला. कुणाला सांगू नको म्हणाला, म्हणून नाव लिहीत नाही.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, कन्नडमध्ये लिहून आणा. भांडले नाही. ३५० व्या कलमाची छापील प्रत पुढं सरकवली. त्यानं ती वाचली, आत गेला, दहा मिनिटांनी आला आणि पोचपावतीवर शिक्का मारला. शिक्का कन्नडमध्ये आहे. तारीख स्पष्ट आहे.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं की कुठल्या भाषेत आलं ते इथंच कळवते. तोवर अनगोळ, कंग्राळी, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, जिथं असाल तिथं, तुमच्या खांबावर असा कागद लागला तर काढून खिळ्याला अडकवू नका. आधी त्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि कोणाकडून तरी त्याच दिवशी वाचून घ्या. अर्जाचा मराठी नमुना पाहिजे असेल तर पानावर निरोप टाका, पाठवते.